सिंथमध्ये साउंड एक्सपान्शन कार्ड घालावं का? (रोलँड जेव्ही-१०८०, ऑर्केस्ट्रल)

काळी_चार (धागाकर्ता)

जाणकारांचं मत हवंय. मॉड्यूल (कळा नसलेला सिंथेसायझर) जेव्ही-१०८०, कार्डाचे चारही स्लॉट रिकामे. सीक्वेन्सरवरून (भरून ठेवलेले स्वर आपोआप वाजवणारं यंत्र) आठ पार्ट (एकेका वाद्याच्या ओळी) वाजतात, नववा हाताने. अडतं तीन ठिकाणी: स्ट्रिंग्जचा थर पातळ लागतो, एकट्या व्हायोलिनला ओढ नाही आणि बासरीत फुंक ऐकू येत नाही.

नजरेसमोर तीन कार्डं आहेत: एसआर-जेव्ही८०-०२ ऑर्केस्ट्रल, १६ ऑर्केस्ट्रल टू आणि ९९ एक्सपीरियन्स. आता ही कार्डं जुनीच मिळतात, त्यामुळे घेऊन परत करण्याची सोय नाही. कार्डाने पॉलिफनी (एका वेळी वाजू शकणारे आवाज) वाढते का? कार्डातले पॅच (तयार बांधलेले वाद्य-आवाज) मॉड्यूलच्या मूळ पॅचपेक्षा खरंच वरचढ असतात, की नाव नवं आणि माल तोच? आणि एकच घ्यायचं झालं तर कुठलं?

---

खर्ज

पॉलिफनी वाढत नाही. १०८० चे ६४ आवाज कार्डाआधी ६४, कार्डानंतरही ६४. फिल्टर तेच, इफेक्टही तेच. एसआर-जेव्ही८० कार्ड म्हणजे मुळात एक रॉम, फक्त वाचता येणारी मेमरी. त्यात नव्या वेव्ह (वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने) असतात, त्या वेव्हवर बांधलेले पॅच असतात आणि बहुतेक कार्डांत काही रिदम सेट. वाजवणारं यंत्र तुमचं जुनंच.

उलट पॉलिफनी लवकर संपते, असा अनुभव येतो. कार्डातले पॅच दुकानात एकट्याने वाजवून दाखवता यावेत अशा बेताने बांधलेले असतात, म्हणून त्यांत बरेचदा चारही टोन (पॅचमधले थर, प्रत्येकाला आपली वेव्ह) चालू असतात. चार टोनचा पॅच एका स्वराला चार आवाज खातो. ६४ भागिले ४, म्हणजे १६ स्वर. त्यात स्ट्रिंग्जचा रिलीज लांब असतो, कळ सोडल्यावरही आवाज अडकून राहतो. दोन हातांनी सहा स्वरांचा कॉर्ड बदलला की जुने सहा आणि नवे सहा मिळून १२ स्वर, म्हणजे ४८ आवाज एकट्या स्ट्रिंग्जने खाल्ले. उरलेल्या आठ पार्टना १६ आवाज उरतात. मग ड्रमची झांज मध्येच तुटते आणि लोक म्हणतात कार्ड खराब आहे.

यावर उपाय: परफॉर्मन्समध्ये (सगळे पार्ट एकत्र बसवलेली मांडणी) प्रत्येक पार्टला ‘व्हॉइस रिझर्व्ह’, म्हणजे राखीव आवाज असतात, ते भरा. ड्रमला १०, बेसला २, हाताने वाजणाऱ्या पार्टला १६ असं काहीतरी. आणि कार्डाचा पॅच यूझर मेमरीमध्ये (आपले पॅच ठेवायची जागा) उतरवून घेऊन एकेक टोन बंद करत ऐका. चारपैकी एखादा टोन गेल्याचं मिश्रणात कळतही नाही.

---

पांढरी_पाच

खर्ज यांच्याशी सहमत, पण ‘कार्डाने पॉलिफनी वाढत नाही’ हे सगळ्याच कार्डांना लावू नका. नवे वाचक गोंधळतील.

कार्डाचे दोन वंश आहेत. पहिला नुसत्या वेव्हचा: रोलँडची एसआर-जेव्ही८० आणि एसआरएक्स, कॉर्ग ट्रायटनची ईएक्सबी-पीसीएम, ई-म्यू प्रोटिअस २००० चे रॉम सिम. दुसरा वंश म्हणजे कार्डावर अख्खा सिंथच. यामाहाची पीएलजी कार्डं, कॉर्गचं ईएक्सबी-मॉस, रोलँडची व्हीई मालिका. यांचा प्रोसेसर आणि आवाज स्वतःचे असतात. पीएलजी१५०-डीएक्स १६ आवाजांचं एफएम संश्लेषण देतं, पीएलजी१५०-एएन ५ आवाजांचं अॅनालॉग मॉडेलिंग, पीएलजी१५०-व्हीएल एकच आवाज, ईएक्सबी-मॉस ६. रोलँडच्या जेव्ही-९० आणि जेव्ही-१००० मध्ये व्हीई-जेव्ही१ घातलं की २८ चे ५६ आवाज होत.

दुसऱ्या वंशाच्या कार्डाचा हिशेब सोपा आहे. ते संश्लेषण तुमच्या यंत्रात दुसऱ्या कुठल्याही वाटेने येत नाही, तेव्हा ते हवं असेल तर घ्या. फक्त पीएलजी१५० कार्ड एका वेळी एकच पार्ट वाजवतं, हे आधी माहीत असू द्या. खरा घोळ पहिल्या वंशाचा, कारण तिथे ‘आहे त्यात भागेल का’ हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो.

---

भाता

२०१७ पासून जेव्ही-१०८० चं सॉफ्टवेअर रोलँडच विकतंय, एसआरएक्सचे आवाजही प्लगइन (संगणकावरच्या संगीत प्रोग्रॅमला जोडायचं सॉफ्टवेअर) म्हणून आहेत. जुन्या कार्डामागे कशाला धावायचं? शिवाय आकारमान बघा. एसआर-जेव्ही८० कार्ड ८ एमबीचं. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो धरलं तर ते ९५ सेकंदांचं ध्वनिमुद्रण होतं. दीड मिनिटात अख्खा ऑर्केस्ट्रा! ट्रायटनच्या १६ एमबी कार्डाला हाच हिशेब १९० सेकंद.

---

खर्ज

९५ सेकंदांचा हिशेब बरोबर आहे, आणि ऐकताना नेमकं काय खटकतं ते त्यावरूनच समजतं. जागा कमी, म्हणून दर तीन-चार किंवा जास्त अर्धस्वरांमागे एकच नमुना घेतात आणि मधले स्वर तो ताणून किंवा आवळून वाजवतात. जिथे एक नमुना संपून दुसरा सुरू होतो, त्या सांध्यावर दोन शेजारच्या कळांचा पोत वेगळा लागतो. लूपही (नमुन्याचा पुन्हा-पुन्हा फिरणारा तुकडा) आखूड असतो. स्वर धरून ठेवला की दीड-दोन सेकंदांत एक फिरकी ऐकू यायला लागते. एकट्या वाद्याच्या वेव्हमध्ये ही दोन्ही दुखणी उघडी पडतात, समूहाच्या वेव्हमध्ये झाकली जातात. म्हणून या पिढीच्या कार्डांत समूह स्ट्रिंग्ज, ब्रास सेक्शन, टिंपनी, पिझिकाटो चांगली लागतात आणि सोलो व्हायोलिन, सोलो चेलो बेतास बात.

तेव्हा धागाकर्त्याच्या तीन तक्रारींपैकी स्ट्रिंग्जच्या थराला कार्डाने फरक पडेल. व्हायोलिनची ओढ कार्डाने येणार नाही. बासरीची फुंक घरच्या घरी करता येईल.

प्लगइनबद्दल: संगणक आधीच साथीला असेल तर मुद्दा बिनतोड आहे. पण इथे मॉड्यूल सीक्वेन्सरवरून चालतंय. फक्त स्ट्रिंग्जसाठी संगणक, ऑडिओ इंटरफेस आणि मिक्सरचे दोन चॅनेल वाढवायचे, हा वेगळाच संसार झाला.

---

पेटीमास्तर

कार्ड घ्यायच्या आधी एक चाचणी करा, अर्ध्या तासाचं काम आहे. उणीव वेव्हची आहे की पॅचच्या बांधणीची, हे त्यातून कळतं. बहुतेक वेळा बांधणीची निघते. १०८० मध्ये मुळात ४४८ वेव्ह आहेत आणि कारखान्यातल्या पॅचमध्ये त्यांतल्या कितीतरी नीट वापरल्याच गेलेल्या नाहीत.

स्ट्रिंग्जसाठी. रिकामा पॅच घ्या, दोनच टोन चालू ठेवा. दोन्हीला आतल्याच पण वेगवेगळ्या स्ट्रिंग्ज वेव्ह द्या. तीच वेव्ह दोनदा देऊ नका, नुसता फेझचा घुमारा होतो. पहिला टोन डावीकडे २५ च्या आसपास, दुसरा तितकाच उजवीकडे. फाइन ट्यून एकाला उणे ६, दुसऱ्याला अधिक ६ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). पहिल्याचा अॅटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) ३० च्या घरात, दुसऱ्याचा ४५, म्हणजे दुसरा मागून फुलतो. फिल्टर लो-पास (वरचे, तीक्ष्ण स्वरांश कापणारा), कटऑफ (कापणीची हद्द) ९० च्या आसपास, व्हेलॉसिटीला थोडी संवेदना, जेणेकरून जोरात वाजवलं की आवाज उजळतो. इफेक्टमध्ये हेक्सा-कोरस किंवा स्पेस-डी अगदी कमी प्रमाणात आणि वर हॉल रिव्हर्ब. स्वरामागे खर्च दोन आवाज. हे आकडे सुरुवातीचे समजा, पुढे कान लावा.

बासरीची फुंक. बासरीची वेव्ह एका टोनला, दुसऱ्या टोनला व्हाइट नॉइज. नॉइजच्या टोनला बँड-पास फिल्टर लावा, कटऑफचा की-फॉलो १०० करा, म्हणजे स्वर वर गेला की फुंकही त्याच्याबरोबर वर सरकते. हा की-फॉलो राहिला तर खालच्या स्वरांना फुंक वेगळी पडते आणि पंखा चालू असल्यासारखं वाटतं. लेव्हल ३० च्या आत. एन्व्हलपचा (आवाजाच्या चढ-उताराचा आराखडा) अॅटॅक शून्य, लगेच चौथ्या हिश्श्यावर उतरवा. सुरुवातीला ‘फ्फ’ आणि नंतर नुसती झुळूक.

व्हायोलिन. की असाइन सोलो (एका वेळी एकच स्वर), सोलो लेगाटो (स्वर जोडून वाजवणं) चालू, पोर्टामेंटो (सूर घसरत नेणं) फक्त लेगाटोला आणि वेळ फार कमी. म्हणजे कळ न सोडता पुढची कळ दाबली तर गजाचा अॅटॅक पुन्हा ऐकू येत नाही, सूर सरकतो. व्हायब्रेटो एलएफओच्या (आपोआप सावकाश कंपन देणारा भाग) डिलेवर ठेवू नका, मॉड्युलेशन लिव्हरवर द्या. हाताने दिलेलं कंपन आणि यंत्राने ठरावीक वेळाने आणलेलं कंपन यांत जमीन-अस्मानाचा फरक.

हे तिन्ही करूनही स्ट्रिंग्ज पातळ लागत असतील, तर ती खरोखर वेव्हची उणीव. मग कार्ड.

---

काळी_चार

पेटीमास्तर, बासरी ९० टक्के सुटली. की-फॉलोची सूचना नेमकी होती. व्हायोलिन बरं लागतंय. स्ट्रिंग्ज रुंद झाल्या, पण गज घासल्याची खरखर नाही ती नाहीच. म्हणजे कार्ड?

---

पेटीमास्तर

खरखर वेव्हमध्येच असावी लागते, ती एन्व्हलपने येत नाही. हो, इथे कार्डाला अर्थ आहे.

---

मींड

घेण्याआधी आणखी एक गोष्ट, जी कार्डाच्या डेमोमध्ये कधीच कळत नाही. १०८० मध्ये इन्सर्ट इफेक्ट (पॅचच्या आवाजावर थेट बसणारा इफेक्ट) एकच आहे. प्रकार ४० असले तरी एका वेळी चालतो एकच. पॅच मोडमध्ये तो अख्खा त्या एका पॅचचा. तुम्ही कार्डावरचा पॅच ऐकता, त्यात त्या इफेक्टचा वाटा मोठा असतो. मग तोच पॅच परफॉर्मन्समध्ये पार्ट तीनवर बसवता आणि तो एकदम कोरडा, बारका होतो. कारण इफेक्टचं सोर्स सेटिंग एकतर परफॉर्मन्सचं असतं किंवा कुठल्या तरी एकाच पार्टचं. बाकीचे पार्ट आपापला इफेक्ट आणू शकत नाहीत. रिव्हर्ब आणि कोरसही सगळ्यांना सामाईक.

आठ-नऊ पार्ट वाजवणाऱ्याने कार्डाचा निर्णय परफॉर्मन्समधल्या आवाजावर घ्यावा. निदान इफेक्ट बंद करून रेकॉर्ड केलेली फीत मिळते का पाहा.

यावर पळवाटा दोन. एक, जेव्ही-२०८० मध्ये परफॉर्मन्सला तीन इन्सर्ट इफेक्ट आहेत आणि स्लॉटही आठ. मूळ वेव्ह १०८० च्याच ४४८. कार्डं दोन-तीन घ्यायचा विचार असेल तर तेवढ्यात यंत्रच बदलता येतं का, हा हिशेब एकदा मांडावा. दोन, १०८० ला मिक्सखेरीज डायरेक्ट १ आणि २ अशा आणखी दोन स्टिरिओ जोड्या आहेत. स्ट्रिंग्ज डायरेक्ट १ वर काढा आणि मिक्सरवर बाहेरचा रिव्हर्ब द्या. साध्या रिव्हर्बनेही स्ट्रिंग्ज कार्डाइतक्याच सुधारतात, असं माझं मत. भांडायला या.

---

खर्ज

भांडत नाही, पण ‘कार्डाइतक्याच’ जरा जास्त झालं.

---

पांढरी_पाच

आता ०२, १६ की ९९.

९९ एक्सपीरियन्स आणि तिची भावंडं ९८, ९७ ही वेचक कार्डं. दुसऱ्या कार्डांतल्या वेव्ह थोड्या-थोड्या उचलून एकत्र केलेल्या. ज्याच्याकडे एकच स्लॉट आहे (जेव्ही-८०, जेव्ही-८८०, जेव्ही-१०१०) त्याला ती उपयोगी. चार स्लॉट रिकामे असताना वेचक कार्ड घेतलं तर पुढे मूळ कार्ड घेताना तोच माल दोनदा विकत घ्याल.

०२ मध्ये सगळ्या वाद्यकुळांना हात लावलाय. १६ हे ०२ नंतरचं, त्याला जोड म्हणून आहे, बदली म्हणून नाही. पहिलं आणि एकच घ्यायचं तर ०२. मग सहा महिने त्यावर काम करा.

दुसऱ्या यंत्रांवरच्या वाचकांसाठी, दुहेरी खरेदी टाळायला:

रोलँडच्या एक्सव्ही-५०८० मध्ये एसआर-जेव्ही८० चे चार आणि एसआरएक्सचे चार स्लॉट. एक्सव्ही-३०८० मध्ये चार आणि दोन. एक्सव्ही-८८ मध्ये दोन आणि दोन. दोन्ही मालिकांचे कनेक्टर वेगळे, एकाचं कार्ड दुसऱ्याच्या स्लॉटात बसत नाही. १०८०, २०८०, एक्सपी-५० किंवा एक्सपी-८० ला एसआरएक्स चालत नाही, कुणी कितीही ‘चालेल हो’ म्हटलं तरी. एसआरएक्स-०६ कम्प्लीट ऑर्केस्ट्रामध्ये जुन्या ०२ आणि १६ चा बराचसा माल आलाय. एसआरएक्स-०७ मध्ये व्हिंटेज सिंथ आणि साठ-सत्तरच्या कीबोर्ड्सचा, एसआरएक्स-०९ मध्ये तिन्ही वर्ल्ड कार्डांचा. तेव्हा एक्सव्हीवाल्याने दोन्ही पिढ्यांची एकाच विषयाची कार्डं घेऊ नयेत. शिवाय एक्सव्हीमध्ये मूळच्याच १०८३ वेव्ह आहेत. तिथे कार्डाची गरज १०८० पेक्षा कमीच भासते.

एक्सपी-३० मध्ये सेशन, ऑर्केस्ट्रल आणि टेक्नो ही कार्डं आधीच भरलेली आहेत, वर दोन स्लॉट. जेव्ही-१०१० मध्ये सेशन आत आहे. २०१२ च्या इंटिग्रा-७ मध्ये एसआरएक्सची बाराही कार्डं आतच आहेत, चार आभासी स्लॉटांत हवी ती भरायची. ट्रायटन एक्स्ट्रीममध्ये ईएक्सबी-पीसीएमचा माल आत. यांच्या मालकांनी आपल्या यंत्राची वेव्ह यादी आणि कार्डाची वेव्ह यादी शेजारी ठेवून वाचावी. पॅचची नावं वाचून काही कळत नाही, ती जाहिरातीसाठी असतात.

---

तिहाई

ट्रायटनचा विषय निघालाच आहे तर: ईएक्सबी-पीसीएम कार्डाबरोबर प्रोग्रॅम (कॉर्गचे पॅच) आणि कॉम्बी (अनेक प्रोग्रॅमची जोडणी) फ्लॉपीवर येत, पीसीजी फाइलच्या रूपात. कार्डात फक्त नमुने. जुनं कार्ड फ्लॉपीशिवाय घेतलं तर स्क्रीनवर मल्टिसॅम्पल (नमुन्यांचे संच) दिसतील पण वाजवायला तयार प्रोग्रॅम नसतील. फाइल आधी मिळवा. आणि ती भरताना अख्खी पीसीजी भरू नका, तुमच्या सगळ्या बँका पुसल्या जातात. फाइल उघडून एकेक बँक निवडून रिकाम्या जागी भरा. आधी आपला जुना पीसीजी सेव्ह करणं हे सांगायला नको, तरी सांगतोय. नंतरच्या क्रमांकाच्या कार्डांना ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती लागू शकते, तेही तपासा.

यामाहा मोटिफ एक्सएफ आणि एमओएक्सएफवाल्यांची गोष्ट निराळी. तिथे एफएल५१२एम किंवा एफएल१०२४एम ही फ्लॅश कार्डं कोरी असतात, आवाज आपण भरायचे. तिथे ‘कार्डात काय आहे’ हा प्रश्नच नाही, ‘मला काय भरायचंय’ एवढाच. एक्सएफला दोन स्लॉट, एमओएक्सएफला एक.

---

डाग_देणारा

बसवणे आणि जुनं कार्ड तपासणे, दोन्ही एकदाच लिहितो.

घेण्याआधी कार्डाचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मागवा. कनेक्टरच्या खाचा हिरवट किंवा काळपट असतील तर गंज. कोपरा तुटलेला, बोर्ड वाकलेला, चिपच्या पायांवर पुन्हा डाग (सोल्डर) दिल्याच्या खुणा असतील तर नको. विकणाऱ्याकडून कार्ड यंत्रात लावून स्क्रीनवर नाव दिसतंय असा फोटो घ्या. पण नाव दिसणं हा पुरावा अर्धाच. नाव दिसतं आणि चार वेव्ह फुटक्या निघतात, असंही होतं. हल्ली पुन्हा लिहिता येणाऱ्या चिप लावलेली तिऱ्हाईत कार्डंही फिरतात, एकाच बोर्डावर अनेक कार्डांच्या नकला. त्यांच्या हक्कांचा प्रश्न सोडा, मूळ म्हणून मूळच्या भावात ती गळ्यात पडू नयेत इतकं बघा.

आता बसवणे.

आधी यूझर मेमरीचा बल्क डंप (सगळ्या मेमरीची बाहेर ठेवायची प्रत) काढून ठेवा. कार्ड घातल्याने मेमरी जात नाही, पण पेटी उघडली की आतली सीआर२०३२ बॅटरी बघायची संधी असते आणि ती काढली की मेमरी जाते. बॅटरी काही यंत्रांत होल्डरमध्ये, काहींत डाग देऊन बसवलेली. डागाची असेल तर घाईत हात घालू नका.

पॉवर बंद करा आणि केबल भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून चालत नाही, पॉवर सप्लायच्या बाजूला व्होल्टेज शिल्लक असतं. कीबोर्ड उलटा करायचा असेल तर चारी कोपऱ्यांखाली मासिकांचे गठ्ठे ठेवा, वजन बेंडरवर किंवा नॉबवर पडता कामा नये. मॅन्युअलमध्ये दाखवलेलेच स्क्रू काढा आणि वाटीत ठेवा. एखादा स्क्रू आत पडला तर तो सापडल्याशिवाय पॉवर लावायची नाही.

कार्ड हातात घेण्याआधी यंत्राच्या धातूच्या भागाला हात लावा, अंगावरची स्थिर वीज उतरते. कार्ड कडांना धरा. कनेक्टर समोरासमोर आला की सरळ खाली, दोन्ही बाजूंनी सारखा दाब. तिरपं घुसवलं की पिन वाकते. बसत नसेल तर जोर लावू नका, काढून पुन्हा बघा. प्लॅस्टिकचे होल्डर कार्डाच्या भोकांतून वर आले की कार्डाबरोबर येणाऱ्या चावीने ते ‘लॉक’च्या दिशेने फिरवा. जुन्या कार्डाबरोबर चावी सहसा नसते. पक्कड वापरलीच तर हलक्या हाताने, होल्डर तुटला तर कार्ड डुलतं आणि प्रवासात सुटतं.

झाकण पूर्ण लावण्याआधी पॉवर लावून बघण्याचा मोह होतो. नका करू. झाकण लावा, मग पॉवर. फॅक्टरी रीसेटची गरज नाही. रीसेटने उगाच यूझर पॅच जातील.

नाव दिसत नसेल तर दहापैकी नऊ वेळा कार्ड अर्धवट बसलंय. काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्क पुसा, वाळू द्या, पुन्हा बसवा. खोडरबरने घासू नका, मुलामा जातो आणि भुगा आत पडतो. दुसऱ्या स्लॉटातही बघा. एका स्लॉटात चालतं आणि दुसऱ्यात नाही, तर दोष यंत्राचा.

---

खर्ज

वरच्या ‘पुरावा अर्धाच’ला जोड, वेव्ह तपासायची पद्धत: एकाच टोनचा कोरा पॅच करा. फिल्टर बंद, इफेक्ट, कोरस, रिव्हर्ब बंद. वेव्ह ग्रुप कार्डाच्या स्लॉटचा (एक्सपी-ए वगैरे), वेव्ह क्रमांक १. आता खालच्या कळेपासून वरपर्यंत दर तिसरी कळ, हेडफोनवर. मग क्रमांक २. कंटाळवाणं आहे, पण दोन फायदे होतात. फुटकी वेव्ह सापडते: चरचर, मध्येच टक्, किंवा सूर सोडून भलताच आवाज. आणि कार्डात खरोखर काय आहे ते कानाला कळतं. तयार पॅचपैकी दहा-पंधरा कामाचे निघतात, कच्च्या वेव्ह मात्र कितीतरी जास्त. आतल्या वेव्ह आणि कार्डाच्या वेव्ह एकाच पॅचमध्ये मिसळता येतात, कार्डाची खरी वसुली तिथे आहे. गजाची खरखर कार्डातल्या वेव्हची आणि खालचा भरणा आतल्या वेव्हचा, असा दोन टोनचा पॅच चार टोनच्या तयार पॅचपेक्षा मिश्रणात नीट बसेल.

कार्ड रॉम आहे, त्यावर काही लिहिता येत नाही. बदललेला पॅच यूझरमध्येच ठेवावा लागतो आणि यूझरच्या जागा १२८. शिवाय असा पॅच दुसऱ्या कुणाला दिला आणि त्याच्याकडे ते कार्ड नसेल, तर तो टोन गप्प बसतो. नेटवरून उतरवलेले पॅच ‘वाजत नाहीत’ याचं कारण बहुधा हेच.

---

काळी_चार

ठरलं. ०२ घेतो, १६ सध्या नाही, ९९ बाद. स्ट्रिंग्ज डायरेक्ट १ वर काढून बाहेरच्या रिव्हर्बने आधी बघतो, मग कार्ड. शेवटची शंका: स्लॉट ए मध्येच घालावं लागतं का? आणि पुढे दुसरं कार्ड आलं, जागा बदलली, तर सीक्वेन्सरमधले प्रोग्रॅम चेंज (पॅच बदलायचे संदेश) चुकतील का?

---

पांढरी_पाच

कुठल्याही स्लॉटात घाला. बँकेचा क्रमांक कार्डाला चिकटलेला असतो, स्लॉटला नाही. १०८० आणि २०८० वर कार्डांसाठी सीसी ० (बँक निवडणारा मिडी संदेश, सीसी म्हणजे कंट्रोल चेंज) ची किंमत ८४, आणि सीसी ३२ प्रत्येक कार्डाला दोन. ०२ ला २ आणि ३: पहिले १२८ पॅच २ वर, उरलेले ३ वर. त्यानंतर प्रोग्रॅम चेंज. क्रम हाच पाळा, सीसी ०, सीसी ३२, मग प्रोग्रॅम. तिन्ही संदेश एकाच टिकवर (सीक्वेन्सरच्या वेळेचा सर्वांत लहान हिस्सा) कोंबू नका, काही सीक्वेन्सर क्रम उलटा करतात आणि जुन्याच बँकेतला पॅच उघडतो. पुढेमागे एक्सव्ही घेतलात तर तेच कार्ड तिथे सीसी ० ला ८९ मागतं, तेवढं बदलावं लागेल.

---

डाग_देणारा

आणि डी स्लॉटात घातलंत तर तिथलेच होल्डर वापरा, ए चे काढून लावू नका. तुटतात.